एका साली एकच कोपरा

आमच्या घरामागच्या पाण्याला गावातले सगळे डबकं म्हणायचे. मी पहिल्याच ओळीत सांगून ठेवते, ते तळं होतं. कोणाला पटत नसेल तर त्यानं पुढं वाचू नये, माझं काही अडत नाही. बारा हात लांब, आठ हात रुंद, आणि मधात माझ्या कमरेइतकं खोल. एवढ्याशा पाण्याला तळं म्हणतात का, असं एका शिकलेल्या पाहुण्यानं मला विचारलं होतं. मी म्हटलं, तुम्ही तुमच्या दोन खोल्यांना बंगला म्हणता, तेव्हा मी काही बोलते का? त्यानंतर तो पाहुणा चहा पिऊन गेला तो गेलाच.

गाव बेल्याच्या बाजूचं. तेव्हा आम्ही आंध्रात होतो, आणि पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. घरात मराठी, ऑफिसात तेलुगू, बाजारात हिंदी, असा आमचा कारभार. माझ्या मायनं लोकांच्या कापसाच्या वावरात निंदण करून मला शिकवलं, आणि मी गावातल्याच मराठी शाळेत मास्तरीण झाले. नोकरी लागल्यावर आम्ही वस्तीच्या कडेला जागा घेतली आणि मातीचं घर बांधलं. भिंतींना लागणारी माती मागच्या अंगणातच खोदली. घर उभं राहिलं आणि मागं खड्डा राहिला. पावसाळ्यात तो भरला. काळी चिकण माती, पाणी काही जिरेना.

मी म्हटलं, "माय, मुरूम टाकून बुजवून टाकू."

"काऊन? भरला त भरला. तुह्यं काय खाते तो?"

ती असं का म्हणाली ते मला चांगलं माहीत होतं. माय लहान असताना आमच्या लोकांनी विहिरीला हात लावायचा नव्हता. घागर घेऊन बाजूला उभं राहायचं. कोणा बाईच्या मनात आलं की ती हातभर उंचावरून ओतायची, भांड्याला भांडं लागू नये म्हणून. अर्धं पाणी घागरीत, अर्धं पायावर. माय हे कधी रडत सांगायची नाही, दात खाऊन सांगायची. पायावर सांडलेल्या पाण्याचा तिला फार राग होता. म्हणून आमच्या तळ्यावर तिचा एकच कायदा होता: इथं कोणी कोणाला वरून ओतायचं नाही. ज्याला पाणी पाहिजे त्यानं वाकावं आणि आपल्या हातानं भांडं बुडवावं. मग तो सरपंच असो की बकऱ्या चारणारा.

आणि ते तळं तिनं असं राखलं होतं की काय सांगू! कोणी शिकवलं नव्हतं, नुसतं पाहून पाहून शिकली होती. खरी कसोटी फाल्गुन-चैत्रात. थंडी सरली की कडुनिंब पानं झाडायला लागतो, आणि आमचा कडुनिंब नेमका तळ्यावर वाकलेला. ती पानं तळाशी जाऊन कुजली की पाण्याला वास येतो. माय रोज सकाळी काठीला बांधलेली जुनी चाळणी घेऊन बसायची आणि तरंगती पानं काढायची. ऊन तापलं की शेवाळ धरतं. ते काडीवर गुंडाळून काढायची, पण सगळं नाही. थोडं ठेवायची, माशांना सावली लागते म्हणायची. पाणी खाली गेलं की रस्त्यावरच्या बोरिंगवरून संध्याकाळी दोन घागरी आणायची, काठावर रात्रभर ठेवायची, सकाळी हळूच सोडायची. एकदम गार पाणी ओतलं की मासे भेदरतात.

गाळ मात्र दर वर्षी एकाच कोपऱ्याचा काढायचा. चार कोपरे, चार साल. पदर खोचून गुडघाभर पाण्यात उतरायची, घमेल्यानं गाळ काठावर टाकायची आणि एक दिवस तसाच ठेवायची. त्यातल्या गोगलगायी, किडे, बेडकाची पिल्लं आपापली सरपटत पाण्यात परत जायची. मग तो गाळ वांग्यांना. मी एकदा म्हटलं, एकाच वेळी सगळं साफ का करत नाहीस?

"तुह्या घरात साऱ्याच माणसाईले एका दिवशी भायेर काढलं त घर राह्यते काय?"

मासे बोटाएवढे बारके, पैनगंगेच्या डोहातले. पांढऱ्या कमळाचा कांदा मुधोळकडच्या तलावातून आणलेला, तिची मावशी राहायची तिकडं. वैशाखी पौर्णिमेला विहारात जी फुलं जायची ती आमच्या तळ्यातली. माय स्वतः ओंजळीत घेऊन जायची, चपला न घालता, आणि वाटेत कोणी बोललं तरी थांबायची नाही. आयुष्यात तिनं मिरवलं असेल तर तेवढंच.

आमच्या पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, कुंपणापलीकडं किराणा दुकानवाल्याचं घर. त्या घरात बुढीचं चालायचं. दुकानवाल्याची आई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आमच्याकडं पाहिलं की नाक मुरडलेलं. तिची सून मात्र चांगली. नवी नवी आली तेव्हा कुंपणाला नाक लावून तळ्याकडं पाहत उभी राहायची. एक दिवस दबक्या आवाजात म्हणाली, "मावशी, मले एक कांदा देता?" माय म्हणाली, "ये, घे." पोरगी कुंपणाच्या फटीतून आत आली, कमळाचा कांदा घेतला, आपल्या हातानं गडवा बुडवून माशांसकट पाणी घेतलं आणि पळाली. त्यांच्या अंगणात गुरांना पाणी पाजायची दगडी डोणी रिकामी पडली होती, गुरं विकल्यापासून. त्यात तिनं ते लावलं. सासूला सांगितलं, माझ्या माहेरचं आहे. त्या डोणीतलं फूल बुढी रोज देव्हाऱ्यात वाहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आमच्या सुनेच्या माहेरचं! माय आणि मी घरात तोंडाला पदर लावून हसायचो.

आता माझ्या कर्तबगारीचं सांगते. लपवून काय करू?

त्या वर्षी होळी झाल्यावर माय मंचेरियलला गेली. माझी मोठी बहीण तिथं, नवरा कोळशाच्या खाणीत, आणि तिचं दुसरं बाळंतपण. जाताना माय मला बजावून गेली, "पानं काहाडत राह्य. बाकी कायलेच हात लावू नोको."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी शाळेतून येत होते. बुढी दुकानाच्या ओट्यावर दोन गिऱ्हाइकांना सांगत होती, मला ऐकू जाईल अशा बेतानं: "घर बांधलं, नोकरी लागली, पण घाण काई सुटत नाई त्याहीची. डबकं वास मारून राह्यलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या लोकांना काहीही बोला, घाणेरडं म्हणू नका. आमच्या वस्तीत बायका भांडी अशा घासायच्या की कल्हई निघून जायची. मास्तरीण म्हणून मी शाळेत पांढरी साडी नेसून जायचे, काळ्या मातीच्या गावात, आणि तिच्यावर एक शिंतोडा पडू द्यायचे नाही. दर दिवाळीला गावात आधी चुना लागायचा तो आमच्या घरांना. का? कारण शंभर वर्षं कोणीतरी म्हणत आलं होतं, आणि आम्ही घासत आलो होतो. त्या दिवशी मी ठरवलं, या बुढीला दाखवतेच साफ कशाला म्हणतात.

रविवार धरला. वस्तीतल्या दोघी मैत्रिणी मदतीला घेतल्या. मासे घमेल्यात काढले. बादल्यांनी सगळं पाणी उपसलं, चारही कोपऱ्यांचा गाळ खरवडून पार गावाबाहेर टाकून आले. कमळाचा कांदा उपटून धुतला, मुळं चोळून चोळून पांढरी केली. मग तळाला आणि कडांना चुना फासला, दोन हात. शाळेच्या विहिरीसाठी आलेली ब्लिचिंग पावडर थोडी उरली होती, तीही टाकली. बोरिंगवरून घागरी आणून आणून तळं भरलं, मासे सोडले, आणि तो धुतलेला कांदा मधात दगडाखाली दाबून ठेवला.

काय दिसत होतं म्हणता! तळाचा खडा न् खडा मोजून घ्या. लोक पाहायला आले. मुख्याध्यापक आले. म्हणाले, "शाबास बाई, याला म्हणतात स्वच्छता." बुढी कुंपणापलीकडून पाहत होती, आणि मी मुद्दाम काठावर उभं राहून केस विंचरले.

दुसऱ्या दिवशी मासे उलटे होऊन तरंगायला लागले. संध्याकाळपर्यंत एक राहिला नाही. मी ते पदरात गोळा करून वांग्यांखाली पुरले, कोणी पाहिलं नाही ना बघून. आठ दिवसांत कमळाचा कांदा नासला. पावडरीचा वास गेला, आणि ते पाणी कधी हिरवं झालं मला कळलं नाही. नुसतं हिरवं नाही, वाटाण्याच्या आमटीसारखं. आणि त्यात वळवळ. डासांच्या अळ्या, मुठीनं. पूर्वी मासे आणि बेडूक त्यांना खायचे. आता खायला कोणी नव्हतंच. चैत्र लागता लागता आख्ख्या गल्लीत डास झाले, आणि दुकानवाल्यानं पंचायतीत दरखास्त दिली.

मी इथं एक गोष्ट कबूल करते, जी मी तेव्हा जीव गेला तरी केली नसती. त्याची दरखास्त खरी होती. डास आमचेच होते.

मलेरियावाला सायकलवर आला. तेलुगू माणूस, भला होता. पांढऱ्या वाटीनं पाणी काढून मला दाखवलं. "टीचरम्मा, देखो. पूरे कीडे पड गए. ये गड्डा बंद करना पडता." तेलुगूतली नोटीस हातात दिली. पंधरा दिवसांत खड्डा बुजवा, नाहीतर पंचायतीचा ट्रॅक्टर मुरूम आणून टाकेल. मी सही केली. अक्षर वाकडं आलं, आणि ते रागानं आलं असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं.

त्याच दिवशी दुपारच्या बसनं माय आली. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून थेट मागच्या अंगणात गेली. मी दारात उभी. ओरडेल, शिव्या देईल, मला तेच पाहिजे होतं. ती खाली बसली, बोट बुडवलं, नाकाशी नेलं.

"चुना?"

"हो."

"अन् मासे?"

मी वांग्यांकडं बोट दाखवलं. तिनं बोट पदराला पुसलं. मग म्हणाली, "बुढी काई बोलली काय तुले?"

मी रडले. तोवर रडले नव्हते. म्हटलं, "घाण म्हणाली आपल्याले."

"मंग तिचं तोंड घासाचं होतं. पाणी काऊन घासलं?"

नोटीस वाचून दाखवली. मला वाटलं आता तरी ती हात टेकेल. पंधरा दिवस, नासलेलं पाणी, ना मासा ना पान. माय उठली, पदर खोचला. "ट्रॅक्टर येते त येऊ दे. तोवर हे तळं म्या उभं करतो. चाल, बादली आण."

तीन दिवस आम्ही उपसत होतो आणि चुना खरवडत होतो. मी शाळा सुटली की उतरायचे, नखात चुना शिरून बोटं सोलली, पण मी हूं की चूं केलं नाही. नाल्याच्या काठची काळी माती डोक्यावर वाहून आणली, तळाला पसरली, पायानं तुडवली. मग बोरिंगचं पाणी भरलं आणि ते चार दिवस नुसतं ठेवलं. माय म्हणाली, "दूध तापवून झालं. आता विरजण लागते." विरजण म्हणजे जितं पाणी, ज्यात मासे, किडे, शेवाळ सगळं घरदार असतं. ते कुठून आणायचं? बसनं पैनगंगेवर गेलो, हंडीभर पाणी आणि मासे घेतले. येताना बस दोन तास फेल होऊन उन्हात उभी राहिली, आणि हंडीत मासे शिजल्यासारखे झाले. मुधोळकडचा तलाव त्या साली आटलेला. कांदा मिळायची आशाच नव्हती. आठ दिवस उरले होते.

विरजण कुठं आहे ते आम्हा दोघींना माहीत होतं. कुंपणापलीकडं, डोणीत. पण माय तिचं नाव काढत नव्हती.

"मागून तर पाहू," मी म्हटलं.

"त्या पोरीचं बिंग फुटते ना वं. बुढी तिले घरात राहू देईन काय?"

"मग काय, बुजू द्यायचं?"

माय उठून आत गेली. सकाळी तिनं तांब्याची घागर घासली, डोक्यावर पदर घेतला, म्हणाली, "कोणाचं नाव घ्याचं नाई. एक कांदा मांगतो. दिला त दिला. तू बोलू नोको, तुह्यं तोंड म्हणजे फटाका हाय." आणि आम्ही रस्त्यानं, समोरच्या दारानं त्यांच्याकडं गेलो. त्या दारात माय आयुष्यात पहिल्यांदा उभी राहत होती.

बुढी अंगणात गहू निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "काय पाह्यजे?"

"बाई, तुमच्या डोणीतला कमळाचा एक कांदा पाह्यजे. अन् घागरभर पाणी, माशाईसकट."

"डबकं बुजवाचं सोडून कमळ लावता काय आता? अन् ते माह्या सुनेच्या माहेरचं हाय. असं कोणालेबी वाटत बसू काय?"

माझी कानशिलं तापली. तोंड उघडणार, तेवढ्यात मायनं माझं मनगट असं दाबलं की बांगडी पिचली. तिनं पदर सावरला. "बरं," म्हणाली, आणि मागं वळली. खरंच वळली. पंधरा दिवसांतले आठ दिवस उरले असताना, त्या पोरीसाठी.

तेव्हा सून बाहेर आली. हाताला पीठ, चेहरा पांढराफटक. म्हणाली, "माह्या माहेरचं नाई ते, आत्याबाई. मावशीच्या तळ्यातलं हाय. म्याच मांगून आणलं. पाणीबी त्याहीचंच."

बुढीनं सुनेकडं पाहिलं, डोणीकडं पाहिलं, मग घरात देव्हाऱ्याकडं. तिथं सकाळचं फूल होतंच. तिच्या तोंडावर काय काय येऊन गेलं ते सांगता येणार नाही. मी तर खूश झाले होते, खोटं काय बोलू?

शेवटी ती म्हणाली, "घे बाप्पा, तुह्यं हाय त घे. पण हात नोको लावू. सूनबाई, वरून ओतून दे तिले."

माय परत फिरली.

"वरून नाई."

"काय?"

"वरून नाई, बाई. म्या माह्या हातानं बुडवीन. नाई त राहू द्या. उद्याच बोलवा ट्रॅक्टर, म्या काई आडवी येत नाई."

"अवं, डोणी बाटते ना माही!"

"बाटाची असन त दोन वर्सापासून बाटूनच हाय. काय झालं तुमाले? सारे धडधाकट हा. देवानंबी फूल वापस केलं नाई."

आणि ती थांबली नाही. अंगण ओलांडून गेली, डोणीपाशी उकिडवी बसली, आणि घागर आडवी करून पाण्यात दाबली. नुसता पाणी आत शिरल्याचा आवाज. मग मनगटापर्यंत हात घालून एक कांदा सोडवला, मातीसकट, पानासकट, आणि पदरात घेतला. सुनेच्या डोक्यावरून ओलाच हात फिरवला. घागर मी उचलायला गेले तर मला देईना. स्वतःच्या डोक्यावर घेऊन, भर रस्त्यानं, सगळ्या दुकानांसमोरून ती घरी आली. मी मागून चालत होते आणि कोणी काही बोलावं याची वाट पाहत होते. कोणी बोललं नाही, माझंच नशीब फुटकं.

पंधराव्या दिवशी मलेरियावाला आला. मागून ट्रॅक्टरही आला होता, मुरूम भरून, आमच्या फाटकाशी धडधडत उभा. पाणी अजून हिरवटच होतं. कमळाचं एक पान जेमतेम टेकलं होतं. त्यानं पांढरी वाटी बुडवली. वाटीत दोन अळ्या. दुसऱ्या जागी बुडवली, एक. तिसऱ्या जागी वाटीत एक मासाच आला, नखाएवढा, आणि तोंडात काहीतरी धरून इकडून तिकडं पळाला. तो माणूस हसला. "मछली अच्छा काम करते हैं, अम्मा. अब्बी छोडता. बरसात के बाद फिर देखता."

"पाह्य ना," माय म्हणाली. "दर साल पाह्य. म्या इथंच हावो."

त्यानं नोटिशीवर काहीतरी लिहिलं. ट्रॅक्टर मुरूम घेऊन आल्या पावली गेला, रस्ताभर सांडत.

त्या वैशाखी पौर्णिमेला फूल आलं नाही. माय ओंजळीत एक पान घेऊन गेली, तशीच चपला न घालता. कोणी विचारलं, यंदा फुलं नाहीत? तर म्हणाली, माझ्या लेकीनं तळं धुतलं. हे तिनं सगळ्यांना सांगितलं, एकालाही सोडलं नाही.

पलीकडं बुढीनं आमची पाठ वळताच डोणी रिकामी केली होती. शेणानं घासली, मग चुन्यानं. सून रडत होती, पण बुढी ऐकेना. मला हे कळलं तेव्हा मी पोट धरून हसले. माय म्हणाली, "हसू नोको. तूबी तेच केलं." सुनेला वर्षभर टोमणे खावे लागले, पण घराबाहेर कोणी काढलं नाही, आणि डोणी वर्षभर कोरडी पडून राहिली.

पुढच्या फाल्गुनात, एका सकाळी आम्ही दोघी तळ्यावर होतो. कडुनिंब झडत होता. माय दक्षिणेच्या कोपऱ्यात गुडघाभर पाण्यात गाळ काढत होती, मी तिच्याजवळच काठावर चाळणीनं पानं काढत होते, बाजूला पाणी काढायचं मोठं भांडं, आमचा डोहणा, ठेवलं होतं. समोरचं फाटक वाजलं. बुढी. एकटी. घराला वळसा घालून मागं आली आणि काठापासून चार हात लांब थांबली.

"वर्सभर देवाले फूल नाई," ती म्हणाली. आमच्याकडं नाही, कडुनिंबाकडं पाहून. "सून म्हणते, कांदा अन् पाणी दोनी लागते म्हून."

आणि तिनं गडवा पुढं धरला. दोन्ही हात लांब करून, मान एकीकडं वळवून, अगदी तसा, जसा आमच्या लोकांनी विहिरीवर धरलेला असायचा. तिला कोणी शिकवलं नव्हतं. पाहून पाहून येत असेल.

माझ्या मनात काय आलं ते मी सांगते, मला त्याची लाज नाही. मी डोहणा भरला. खांद्यापर्यंत उचलला. म्हटलं, आता बघ. हातभर उंचावरून. अर्धं गडव्यात, अर्धं तुझ्या पायावर. माझ्या मायच्या सगळ्या घागरींचं आज एकदम.

चिखलानं भरलेला हात माझ्या हातावर पडला.

"इथं वरून ओतत नाई," माय म्हणाली.

"तिला?"

"कोणालेच."

मी तिच्याकडं पाहिलं. ती मस्करी करत नव्हती. मी डोहणा खाली केला, पाणी तळ्यात परत सोडलं. बुढीचा गडवा तसाच पुढं धरलेला होता. तिला कळलं होतं. आमच्या पाण्याशी वाकायचं, गुडघे टेकायचे आणि हात ओला करायचा, नाहीतर रिकाम्या गडव्यानं घरी जायचं. ती किती वेळ उभी राहिली कोण जाणे. मायनं तिला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. आपली पाण्यात उभी राहिली.

मग बुढीनं लुगड्याचा काठ वर खोचला. गुडघ्यावर हात टेकून, कण्हत, एकेक पाय मोडत ती काठावर बसली आणि गडवा पुढं नेला.

"त्या कोपऱ्यातून नोका घेऊ, बाई," माय म्हणाली. "यंदा त्याची पाळी नाई. इकून घ्या, अन् गाळ ढवळू नोका."